दौंड ते डेक्कन कॉलेज : माझे पहिले सत्र

डेक्कन कॉलेज म्हटले की आमच्या दौंडमधल्या निम्म्या लोकांना वाटते, ते डेक्कन जिमखान्यावर असणार. तसे नाही. पुणे स्टेशनावर उतरायचे, बंडगार्डनच्या बाजूने नदी ओलांडायची आणि येरवड्याला यायचे. रस्त्यावरची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, सगळे मागे टाकून फाटकातून आत शिरले की एकदम झाडी लागते. शंभर एकरांहून मोठे आवार, आणि मधोमध काळ्या दगडाची, मनोऱ्याची जुनी इमारत. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तिथे आले. टिळक इथे शिकले. त्यांची खोली अजून जपून ठेवली आहे.

या कॉलेजची एक गोष्ट मला फार आवडते. सरकारने १९३४ साली ते बंद करून टाकले होते. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. आणि १९३९ साली ते पुन्हा उघडले, ते पदव्युत्तर शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था म्हणून. कॉलेजच्या शिक्षणात पाच वर्षांचा खंड! माझ्या शिक्षणात एकोणीस वर्षांचा पडला होता, तेव्हा आमचे जमायला हरकत नव्हती.

बी. ए. झाले, लग्न झाले, आणि पुढचे तुम्हां सगळ्यांना ठाऊकच आहे. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व या विषयात एम. ए. करायचे मी घरात बोलून दाखवले. हे रेल्वेतच नोकरीला, त्यामुळे गाड्यांचे वेळापत्रक समोर ठेवून एवढेच म्हणाले, "जमेल. पासही निघेल." सासूबाईंचे मात्र तसे नव्हते. "दहावीचं वर्ष पोराचं, अन् शाळेत जाणार तू? मातीत काय शिकायचंय?" त्यांनी विचारले. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. दहावीचे वर्ष होतेच.

दौंडची पहाटेची गाडी धरायची म्हणजे रात्रीच कणीक मळून ठेवायची, भाजी चिरून ठेवायची, कुकरची भांडी लावून ठेवायची. "घर कसं सांभाळता?" असे मला जो तो विचारतो. ह्यांना कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी. पहिल्या महिन्यात खाडे झाले, भात करपला, एकदा दूध नासले. दुसऱ्या महिन्यापासून हे कुकर लावू लागले आणि मुलगा स्वतःचा डबा स्वतः भरू लागला. एवढेच. यापेक्षा अधिक युक्ती माझ्यापाशी नाही.

गाडीत मात्र मोठी मौज असते. कोणी मेथी निवडते, कोणी डुलकी काढते, कोणी मुलाची फी कशी भरायची याचा हिशेब मांडते. सुरुवातीला मी पुस्तक उघडले की सगळ्या बघायच्या. पुढे परीक्षा जवळ आली तशा त्याच मला खिडकीची जागा देऊ लागल्या. वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथले. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मूळ भाषांतून मराठी भाषांतर करायला बसल्या तेव्हा रमाबाईंची चाळिशी केव्हाच उलटली होती. केडगाव आले की मी पेंगत असले तरी सरळ बसते!

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर तीन-चार मुले उठून उभी राहिली. त्यांना वाटले, बाई आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एक मुलगी खुदकन हसली. तीच पुढे माझी मैत्रीण झाली. बाविशीची पोर, मला "काकू" म्हणते आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्काने संपवते.

या आवारात बायकांचे पाऊल काही माझ्यापासून पडलेले नाही. इरावती कर्वे १९३९ साली इथे आल्या आणि आयुष्यभर इथेच त्यांनी काम केले. "युगान्त" आपण सगळ्यांनी वाचले आहे. पण संकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला प्राचीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास करायलाही त्या गेल्या होत्या, हे मला इथे येऊन कळले. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचे नाव घेतात. त्या काळी लोक वळून वळून बघत असतील.

संस्कृतच्या महाकोशाचे कामही इथेच चालते. १९४८ साली ते सुरू झाले. जुन्या ग्रंथांतला एकेक शब्द, तो कुठे कोणत्या अर्थाने आला हे लिहिलेल्या चिठ्ठ्या, त्याही जवळजवळ एक कोटी! पहिला खंड छापायला १९७६ साल उजाडले आणि काम अजून चालूच आहे. दिवाळीची साफसफाई आपल्याला डोंगराएवढी वाटते, तेव्हा या चिठ्ठ्या आठवाव्यात.

पण मला खरे धरून ठेवले ते खापरांनी. आमचा एक तास मातीच्या भांड्यांचा असे. टेबलावर तुकडे मांडलेले. हा काठाचा, हा गळ्याचा, हा बुडाचा, असे ओळखायचे. जोर्वे संस्कृतीची भांडी तांबडी, वर काळ्या रेघांची नक्षी, पसरट तोंडाची, तोटीची. ती इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. पुस्तकात हे वाचून मुले वहीत उतरवून घेत होती. मी तुकडा हातात घेतला आणि सवयीने वाजवून पाहिला. उन्हाळ्यात माठ घेताना बाजारात आपण हेच करतो की! बुडाला काजळी धरलेले भांडे चुलीवरचे, हेही मला कोणी सांगावे लागले नाही. धान्य भरडायचे दगड दाखवले तेव्हा सर म्हणाले, गोल फिरणारे जाते अजून यायचे होते, बाया दगडावर दगड मागेपुढे घासून दळत. माझे मनगट आपोआप दुखायला लागले.

हे सगळे ज्या गावात सापडले ते इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. आमच्या दौंडला अगदी शेजारी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव. बुटक्या मातीच्या भिंतींची चौकोनी घरे, आत चूल, धान्य साठवायची पेवे, कणगी ठेवायचे मातीचे ओटे, रांजण टेकवायला चार चपटे दगड. जव, गहू, डाळी ते पिकवत. बोरे, जांभळे, आवळेही खात. पुढेपुढे मोठी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. गाव गरीब होत गेले आणि इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास संपले. राजाचे नाव नाही, लढाईची तारीख नाही. एवढा इतिहास लिहिला तो चूल, जमीन आणि उष्टी-खरकटी बघून. आपण रोज जे पुसून टाकतो, त्याच्यावरून.

तिथली लहान मुले गेली की त्यांना गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत बाळ. आणि घराच्याच जमिनीखाली खड्डा करून ती ठेवत. वर पुन्हा जमीन सारवायची आणि राहायचे.

त्या रात्री भाकरी करताना मी हे सासूबाईंना सांगितले. सहज, काहीतरी बोलायचे म्हणून. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "घरातच ठेवायचे?"

"हो आई. जमिनीखाली."

"बरं करायचे."

मग त्यांनी सांगितले. ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. आठ महिन्यांची होऊन तापाने गेली. पुरुष माणसे तिला नदीकडे घेऊन गेली. बाईमाणसाने जायचे नसते. कुठे ठेवली ते त्यांनी कधी विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही. "नदीला पूर आला की मला वाटायचं, आता काय..." एवढेच बोलून त्यांनी लसणाच्या साली सुपात गोळा केल्या. इतकी वर्षे मी त्या घरात नांदते आहे. ह्यांना बहीण होती हे मला त्या रात्री कळले. ह्यांनासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरून घरी आले, तर चहा तयार होता. "आज काय शिकवलं?" सासूबाईंनी विचारले. तेव्हापासून रोज विचारतात. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे घोट्याखालचे पाय तोडत असत, मेलेल्याने परत येऊ नये म्हणून असावे असा विद्वानांचा तर्क आहे, हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग पोरांचे नसतील तोडत." आणि खरेच, मडक्यांतल्या बाळांचे पाय तोडलेले नव्हते. हे त्यांना कसे कळले, ते त्यांनाच ठाऊक.

परीक्षेची धास्ती होती ती उत्तरांपेक्षा लिहिण्याची. इतक्या वर्षांत किराणा मालाच्या यादीपलीकडे हाताने काही लिहिलेले नाही. म्हणून रोज रात्री मी आणि मुलगा एकाच टेबलावर बसून तासभर लिहीत असू. वेळ लावायचे काम सासूबाईंकडे. मुलाची चाचणी आणि माझे पेपर एकाच आठवड्यात आले. दोघेही पास झालो. मला भांड्यांच्या विषयात बरे मार्क पडले, शिलालेखांच्या लिपीत जेमतेम. ब्राह्मीतले 'न' आणि 'ण' अजून मला दाद देत नाहीत.

दुसऱ्या सत्राची फी भरली आहे. कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू मांडल्या आहेत, हे मी बोलता बोलता सांगून गेले होते. परवा सासूबाईंनी विचारले, ती मडकी बघायला मिळतील का. मी म्हटले, "गाडीत दीड-दोन तास बसावं लागेल, आई. शिवाय पुणे स्टेशनचा पूल चढायचा आहे."

"चढेन," त्या म्हणाल्या. "हळूहळू चढेन. तू पुढं जाऊ नकोस म्हणजे झालं."