पहिला ओरखडा

दादाला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणून आम्ही पुण्याला गेलो. दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. एक कोरी करकरीत. दुसरी रंग उडालेली, कडा झिजलेली. पण तीही नवीच! अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९९५ साली अशा मुद्दाम जुनाट केलेल्या गिटारी बाजारात आणल्या. त्यांची किंमतही जास्त!

दादा भुलला. मला मात्र आजीचा मिरजेचा तंबोरा आठवला. भोपळा आमच्या पंढरपूरकडचा. हात टेकून टेकून दांडीचे पॉलिश गेलेले. आजी गेली, तो डाग राहिला.

"दादा, आजीचा डाग विकत मिळाला असता का रे?"

दादाने मुकाट्याने कोरी गिटार उचलली. सोलापूरला उतरताना ती डब्याच्या दाराला घासली. दादा हसला, "हा ओरखडा आपला!"