खाडा

मेंबर चार दिवस गावाकडं गेला की खानावळीच्या वहीत त्याच्या नावापुढं खाडे पडतात आणि महिन्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा होतात. आत्या गेल्यावर नांदूरघाटच्या तिच्या खानावळीची अशी एक वही माझ्याकडं आली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात शाळेतले मास्तर आहेत, बँकेतले कारकून, एक कंपाउंडर, शिवाय वरच्या दोन खोल्यांत टेकणारे मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर. दिवाळीच्या पानावर खाडेच खाडे. पण त्या पानावरही दोन-तीन नावं चालू दिसतात. म्हणजे लक्ष्मीपूजनालाही आत्याची चूल पेटलेली होती.

मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर तिनं हा धंदा एकटीनं ओढला. हाताखाली एक बाई होती, पण भाकरी आत्याचीच. काटवटीत कढत पाण्यानं पीठ भिजवायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, थापता थापता भाकरी हलकेच फिरवायची. तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरला की ते पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडे जातात. मग तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्याला उभी. दुरडी भरत यायची तेवढ्यात येसराच्या आमटीला उकळी फुटलेली असायची. उन्हाळ्यात त्या चुलीपुढं पाच मिनिटं बसणं मला जमायचं नाही. आत्या दोन्ही वेळा बसायची.

शेवटच्या काही वर्षांत तिचं वागणं बदललं. पूर्वी दारात माणूस दिसलं की तिचा हात ताटाकडं जायचा, आता नजर आधी घड्याळाकडं जायची. "अजून वाढू का?" हा प्रश्न बंद झाला. एकदा आमटी खारट झाली, कुणीतरी सांगितलं, तर म्हणाली, "मग पाणी घाला." आत्या आणि असं बोलणं! घरात सगळे म्हणायचे, वय झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे 'बर्नआउट'ची, तीन लक्षणं सांगितली: अंगातलं बळ संपणं, कामाविषयी मन कडवट होणं, आणि आपल्याकडून आता नीट होत नाही असं वाटणं. हा रोग नव्हे, असंही तिथं म्हटलंय. आत्याला कुणी हे वाचून दाखवलं नाही. तिचं सोपं होतं. "भाकरीचा नाही रे, मला माणसाचा वीट आलाय," ती म्हणायची, आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकायची.

धंद्यानं तिला कितीदा तरी बाहेर ढकललं होतं. २०१६ च्या दुष्काळात आमच्याच केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. त्या उन्हाळ्यात तिनं मेंबरांना हात धुवायला मोजून तांब्या दिला. २०२० च्या पाडव्याला पुरण शिजवलं आणि त्याच दिवशी देश बंद झाला. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप लागला तो पुढच्या एप्रिलपर्यंत. मुक्कामी गाडी नाही, वरच्या खोल्यांना कुलूप. दर वेळी वाटायचं, आता थांबेल. पण असं थांबणं तिला नको होतं.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं मला यावरून आठवतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना सावकाराच्या तावडीतून बँकेच्या दारात नेलं. पुढं १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला आणि जेवणारेच गावाकडं परतले. धंदा कधी मोडायचा हे त्या बायकांना कुणी विचारलं नाही. आत्याला तेवढं एक स्वतःच्या हातानं करायचं होतं.

एसटी सुरू झाली, खोल्या पुन्हा भरल्या, आणि नेमकं तेव्हाच तिनं बंद करायचं ठरवलं. चालू धंदा मोडते म्हणून लोकांनी तिला वेड्यात काढलं. तिचा हिशेब पक्का होता. जूनपासून नवा मेंबर घ्यायचा नाही. पुढच्या उन्हाळी सुट्टीत मास्तर मंडळी गावी जातील, तेव्हा निम्मी पंगत आपोआप उठेल, उरलेल्यांना आधीच सांगून ठेवायचं.

अडली ती उधारीशी. आमच्या भागात पैसा दिसतो तो दसऱ्याच्या सुमाराला, ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या हातात मुकादमाची उचल पडते तेव्हा. वसुलीला तोच मोका. आत्या वही घेऊन निघालीही, आणि दोन घरं करून परत आली. उचल म्हणजे नवरा-बायकोनं मिळून अंगावर घेतलेलं कर्ज, ते कोयत्यानं फेडायचं. "माझ्या वहीतलं काढून मुकादमाच्या वहीत घालायचं, एवढंच होतंय," ती म्हणाली. त्या नावांवर तिनं आडवी रेघ मारली. पगारदारांना मात्र एक पैसा सोडला नाही. एका साहेबाच्या तर ऑफिसात जाऊन बसली, सगळ्यांसमोर. ती रेघ मला तिच्या अख्ख्या धंद्यातली सगळ्यात मोठी रक्कम वाटते, आणि ती वहीत कुठंच बेरजेला आलेली नाही.

एकानं पाटीसकट खानावळ मागितली, नावाचे वेगळे पैसे देतो म्हणाला. तिनं पाटी उतरवून माळ्यावर टाकली.

बंद झाल्यावर आत्या महिनाभर नुसती झोपली. मग तिला खाण्याचा शौक लागला, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं खाण्याचा. मांजरसुंब्याला हायवेवरच्या ढाब्यावर नेलं तर भाकरी जाड म्हणून तिनं परत पाठवली, ठेचा फिका म्हणाली, वाढणाऱ्या पोराला दोनदा माघारी धाडलं. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलंय. हे सुख तिला फार दिवस मिळालं नाही. दुसरा पावसाळा तिनं पाहिला नाही.

काटवटी, तवे आणि जर्मनची पातेली तिनं हाताखालच्या बाईला फुकट दिली होती, एका अटीवर. त्या बाईनं आता स्टँडजवळ चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण सुरू केलंय. दर सोमवारी बंद. सोमवारी शटर पाहून गिऱ्हाईक चिडतं, नव्या मास्तरांनी तर भांडण काढलं. "मावशीचा शब्द हाय, सर," ती म्हणते, आणि मंगळवारी त्यांना पहिली गरम भाकरी वाढते.