वसईला जा, कान घेऊन!

वसई म्हटलं की काय आठवतं? विरार फास्टमधली धक्काबुक्की, चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला आणि फार तर सुकेळी. पण या वेळचा फंडा जरा हटके आहे. कॅमेऱ्याआधी कान तयार ठेवा!

अमेरिकेत 'बार्बरशॉप' नावाचा गाण्याचा भन्नाट प्रकार आहे. चार आवाज, वाद्य एकही नाही. लीड मूळ चाल गातो, टेनर त्याच्या वर, बास तळाशी आणि मधली जागा बॅरिटोन भरतो. हा पुरुषांचा अड्डा. पण १९४५ साली टल्सा शहरात बायकांनी 'स्वीट अ‍ॅडलाइन्स' ही स्वतःची संघटनाच काढली.

वसईतला मामला वेगळा आहे, पण वाद्यांवाचून गाणं इथंही मुरलेलं आहे. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९ होते. नंदाखालचं चर्च १५७३चं. चर्चच्या गायकवृंदात सोप्रानो वर, अल्टो खाली, अशी सुरांची वाटणी असते. पवित्र गुरुवारचा 'ग्लोरिया' संपला की ईस्टरच्या रात्रीपर्यंत प्रथेप्रमाणे ऑर्गन गप्प. गुड फ्रायडेला सगळी भिस्त गळ्यांवर. कोणाचा सूर किंचित हलला तरी लपायला जागा नाही!

दुसरं गाणं लग्नघरातलं. सामवेदी कुपारी समाजातल्या, लाल लुगड्यातल्या आज्या-मावश्या कादोडी बोलीत गातात. एक जण ओळ सुरू करते, बाकीच्या उचलून धरतात. चार सुरांची हार्मनी इथे नाही, चाल एकच. पण सत्तरीतला खर्जातला आवाज आणि विशीतला कोवळा गळा एकत्र आले की त्या एका चालीलाही मस्त वजन येतं.

चर्चची गीतं पुस्तकात आहेत, ती टिकतील. लग्नगीतांचा मोठा ठेवा मात्र अजून आज्यांच्या आठवणीतच आहे. नातीला कादोडी येत नसेल आणि मांडवात डीजे असेल, तर पुढची ओळ उचलायची कुणी?

म्हणून ऑफिसमधल्या वसईकर मैत्रिणीचं आमंत्रण आलं, तर रिसेप्शनला पाकीट देऊन पळू नका. तिला विचारून आदल्या दिवशीच घरी जा. विरार पश्चिमेहून रिक्षानं नंदाखाल गाठता येतं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल, तर आधी आजींची परवानगी घ्या. आणि मैत्रिणीला सांगा, पुढच्या लग्नात ओळ तिनं उचलायची!