पुलाचा भरवसा

पुलावरून जाताना पुलाकडे कुणी पाहत नाही. नदी दिसते, कुणी तीत नाणे टाकते, कुणी हात जोडते, आणि रात्रीची एस. टी. असली तर बहुतेक मंडळी झोपलेलीच असतात. शेजारच्या उतारूच्या खांद्यावरही आपण इतक्या निर्धास्तपणे मान टाकीत नाही.

महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल असाच भरवशाचा होता. इंग्रजी अमदानीतला, दगडी कमानींचा. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. उन्हाळ्यात ती अगदी गरीब दिसते. पण श्रावणात डोंगराचे सारे पाणी घेऊन खाली येते, तेव्हा तिला ओळखायला येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या गेल्या. एक जयगडची, एक राजापूरची. काही देह पुढे दूर समुद्रकाठी सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती, असे मागाहून सांगण्यात आले.

त्याच्या जागी काँक्रीटचा नवा पूल बांधायला घेतला, तो १८० दिवसांच्या बोलीवर. १६५ दिवसांत तो उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी, मृगाच्या तोंडावर, खुला झाला.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी वाट वाकडी करून ते काम पाहायला गेलो होतो. यंत्रांचा गलबला होताच. पण माझे लक्ष खिळले ते ओल्या गोणपाटांवर शांतपणे पाणी मारीत उभ्या असलेल्या एका गड्याकडे.

“एवढी घाई चालली आहे, आणि हे काय?” मी मुकादमाला विचारले.

“घाई आपल्याला, मास्तर. सिमेंटला नाही. त्याला पाणी पाजावंच लागतं. वाळू दिलं की तडकलंच समजा.”

आपण समजतो, सिमेंट वाळून घट्ट होते. तसे नाही. पाण्याशी संयोग होऊनच त्याचा दगड बनतो. म्हणून त्याच काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे पाडून पाण्यात बुडवून ठेवतात आणि २८ व्या दिवशी यंत्रात चेपून फोडतात. आमच्या शाळेत आदल्या रात्री घोकून पास होणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. ठोकळ्याला ती सोय नाही.

परंतु ही परीक्षा झाली मालाची. नदीची परीक्षा निराळी. पुरात पूल पडतात ते पुष्कळदा खांब मोडून नव्हे. पाणी पायाभोवतीची माती-वाळू उकरून नेते, म्हणून. आणि पूर ओसरला की नदी तोच खड्डा गाळाने पुन्हा भरून टाकते! मे महिन्यात वरून वाकून पाहणाऱ्याला सारे जिथल्या तिथे दिसते. म्हातारा बाप पोरांसमोर दुखणे लपवतो, तसा पूलही आपले दुखणे पाण्याखाली लपवतो.

बांधायला १६५ दिवस पुरले, याचे मलाही कौतुक आहे. मात्र राखण्याला मुदत नसते आणि त्याचा उद्घाटन-समारंभही होत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर कुणीतरी पाण्यात उतरून पाया चाचपला पाहिजे. त्याचे नाव कुठल्याही पाटीवर येणार नाही. पण जयगडहून रात्री निघालेली पोरेबाळे आजही सावित्री ओलांडताना झोपेतच असतात, ती त्याच माणसाच्या भरवशावर.