सदा उघड्या दाराचे चर्च

लंडनला गेलेला प्रवासी ट्रॅफल्गार चौक पाहिल्याशिवाय परतत नाही. नेल्सनचा उंच स्तंभ, कारंजी, ब्राँझच्या सिंहांपाशी फोटोसाठी उडालेली झुंबड आणि समोर नॅशनल गॅलरी. या साऱ्या देखाव्यात ईशान्य कोपऱ्यावरचे एक पांढरे चर्चही असते. उंच खांबांची ओसरी आणि तिच्यामागून वर गेलेला निमुळता मनोरा. हे सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स.

चेन्नई किंवा कोलकात्यात राहणाऱ्यांना ही इमारत ओळखीची वाटेल. चेन्नईच्या एग्मोर भागातील सेंट अँड्र्यूज चर्च आणि कोलकात्यात जुन्या डलहौसी चौकाजवळचे त्याच नावाचे चर्च, ही दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस याच धर्तीवर बांधली गेली. वास्तुशिल्पी जेम्स गिब्ज यांनी आखलेले लंडनचे हे मूळ चर्च १७२६ मध्ये पूर्ण झाले. ट्रॅफल्गार चौक त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आकाराला आला. नावातील ‘फील्ड्स’ त्याहूनही जुनी. जुने लंडन शहर आणि वेस्टमिन्स्टर यांच्यामध्ये एके काळी शेते होती, त्यांची ही आठवण. शेते कधीच गेली, नाव मात्र राहिले.

पण या चर्चची खरी ओळख त्याच्या मनोऱ्यात नाही. ती शोधायची तर पायऱ्या उतरून तळघरात जावे लागते.

अर्ध्या झग्याची गोष्ट

ज्यांच्या नावाने हे चर्च उभे आहे ते संत मार्टिन चौथ्या शतकातील रोमन सैनिक होते. कडाक्याच्या थंडीत एका शहराच्या वेशीपाशी त्यांना उघडाबोडका भिकारी दिसला. त्यांनी तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला, अशी आख्यायिका आहे. ‘चॅपल’ हा शब्दसुद्धा त्या झग्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. गोष्टीतला बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. मार्टिननी सगळा झगा दिला नाही, अर्धा दिला. देणारा आणि घेणारा एकाच कापडाच्या उबेत आले.

ही गोष्ट लंडनमध्ये खरी करून दाखवली ती डिक शेपर्ड या पाद्रींनी. १९१४ च्या अखेरीस ते येथे व्हिकर म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होते. फ्रान्सच्या आघाडीवर जाणारे आणि तिथून सुट्टीवर येणारे सैनिक जवळच्याच चेरिंग क्रॉस स्टेशनवर उतरत. रात्री-अपरात्री त्यांना थारा नसे. शेपर्डनी चर्चचे दार त्यांच्यासाठी रात्रभर उघडे ठेवले. जिथे पूर्वी शवपेट्या ठेवल्या जात, त्या तळघरात जिवंत माणसे निजू लागली. लढाई संपली, तरी दार लागले नाही. सैनिकांच्या जागी बेकार आले, बेघर आले. ‘सदा उघड्या दाराचे चर्च’ हे नाव तेव्हापासूनचे. दुसऱ्या महायुद्धात हेच तळघर बॉम्बहल्ल्यांपासूनचा आसरा झाले.

शेपर्डना काळाची नाडीही कळत होती. ६ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रेडिओवरून चर्चमधील उपासना प्रथमच प्रसारित केली, ती येथून. पुढे नाताळच्या सुमारास रेडिओवरून गरजूंसाठी मदतीचे आवाहन करण्याची प्रथा पडली आणि ती आजही चालू आहे. या पैशांतून देशभर लहान लहान रकमा दिल्या जातात. कुणाचे थकलेले भाडे, कुणाच्या नव्या खोलीची अनामत. अर्ज मात्र गरजूने करायचा नसतो. त्याच्यासाठी धडपडणारा समाजसेवक तो करतो. संकटातल्या माणसाला आणखी एका खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही.

पाहुणे आणि यजमान

आज चर्चच्या शेजारीच बेघरांसाठी दिवसाचे केंद्र आहे. ‘द कनेक्शन ॲट सेंट मार्टिन्स’ ही संस्था २००३ पासून ते चालवते. अंघोळ, जेवण, निवाऱ्याचा शोध, कामाची खटपट, सारे एका छताखाली.

रविवारी दुपारी चर्चमधील स्वयंसेवक वेगळाच संसार मांडतात. आश्रयासाठी परदेशातून आलेल्या अनेकांना ब्रिटनच्या कायद्यानुसार सरकारी घर किंवा भत्ता मिळू शकत नाही. काम करण्याची परवानगी नाही आणि परत जाण्याची सोय नाही, अशा कात्रीत ते सापडलेले असतात. त्यांच्यासाठी गरम जेवण, अंघोळीची व्यवस्था आणि स्वच्छ कपडे असतात. येणाऱ्यांना येथे ‘पाहुणे’ म्हणतात. शब्द साधा, पण आठवडाभर ज्याला फक्त ‘प्रकरण’ म्हणून वागवले गेले, त्याला त्याची किंमत कळते.

तळघराच्या दुसऱ्या भागात प्रवाशांचे आवडते उपाहारगृह आहे. विटांच्या कमानी आणि पायाखाली जुन्या थडग्यांचे कोरीव दगड. वर चर्चमध्ये संगीताच्या मैफली होतात. या साऱ्यातून येणारा पैसा चर्चच्या कामाला हातभार लावतो. २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा पूर्वेची नवी खिडकी इराणमध्ये जन्मलेल्या शिराझे हुशियारी यांनी घडवली. तिच्यात रंगीत संतचित्रे नाहीत. पारदर्शक काचेत मधोमध वाकलेला क्रूस आहे, आणि त्यातून बाहेरचा उजेड आत येतो.

शंभर वर्षे सूप वाढून प्रश्न सुटला का? नाही. २०२४-२५ या एका वर्षात लंडनच्या रस्त्यावर झोपलेल्या तेरा हजारांहून अधिक माणसांची नोंद झाली. मदतीला मर्यादा असतात, हे या चर्चलाही ठाऊक आहे. म्हणूनच घरांच्या हक्कासाठी झगडणारी ‘शेल्टर’ ही संस्था डिसेंबर १९६६ मध्ये येथूनच लोकांसमोर आली. भुकेल्याला जेवण आजच हवे असते, कायदा बदलायला वर्षे लागतात. एका कामासाठी दुसरे थांबवता येत नाही.

दर वर्षी नोव्हेंबरमध्ये येथे एक वेगळी प्रार्थनासभा भरते. त्या वर्षात लंडनमध्ये मरण पावलेल्या बेघर माणसांची नावे एकेक करून वाचली जातात. काहींचे केवळ पहिले नाव ठाऊक असते. बेघरपण भोगलेले गायक गातात. शेवटी जमलेले लोक पुढे होऊन एकेका नावाचे कार्ड उचलतात आणि घरी नेतात. ज्याला जिवंतपणी घर मिळाले नाही, त्याचे नाव तरी कुणाच्या तरी घरी पोचते.