हसविणाऱ्याचा प्रवास

हास्य आणि करुण हे रस परस्परांचे वैरी होत, असे विश्वनाथाने साहित्यदर्पणात सांगून ठेविले आहे; आणि रसप्रकरण शिकविताना आम्हीही तीस वर्षे तेच सांगत आलो. सेवानिवृत्तीनंतर मात्र मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराचे 'फॉलोइंग द इक्वेटर' हे १८९७ साली प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन हाती आले, आणि आपण विद्यार्थ्यांस अर्धेच सांगितले की काय, अशी रुखरुख आम्हांस लागून राहिली.

या गृहस्थाचे खरे नाव सॅम्युअल क्लेमेन्स. लेखणीवर मिळविलेले द्रव्य त्याने छापखान्याचे खिळे जुळविणाऱ्या एका यंत्राच्या पायी आणि स्वतःच्या प्रकाशनसंस्थेत घालविले. १८९४ साली संस्थेचे दिवाळे वाजले. कायद्याच्या आडोशाने थोडेबहुत देऊन सुटता आले असते. परंतु पै न् पै फेडावयाची, असा पत्नीचा आग्रह पडला आणि त्यालाही तो पटला. म्हणून साठी जवळ आली असता, १८९५च्या जुलैत, तो व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. व्याख्याने कसली, तिकीट लावून लोकांस हसविणेच ते! आमच्याकडील हरिदास गावोगाव हिंडत, पण त्यांचा संसार घरी असे. याने पत्नीस व मधल्या मुलीस सोबत घेतले. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीकडे एल्मायरा गावी राहिल्या. गाडी हलली तेव्हा सूझी फलाटावर उभी राहून हात हालवीत होती.

१८९६च्या जानेवारीत मंडळी मुंबईस आली व वॉटसनच्या हॉटेलात उतरली. (काळ्या घोड्याजवळची, एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाणारी ती लोखंडी सांगाड्याची इमारत पुढे अगदी मोडकळीस आली.) मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिले आहे, ते वाचून आम्ही एकटेच मोठ्याने हसलो. सज्जाच्या कठड्यावर बसून हे पक्षी पाहुण्याच्या पोषाखाची, केसांची, चारित्र्याची निर्लज्जपणे चर्चा करितात, असे तो म्हणतो. आपण ज्याची पिंडाशी तासन् तास विनवणी करितो, त्याची ही दुसरी बाजूही खरीच आहे.

परंतु त्याच हॉटेलातील दुसरा प्रसंग वाचताना आमचे हसू मावळले. एका धिप्पाड जर्मनाने क्षुल्लक कारणावरून हिंदी नोकराच्या तोंडात मारली आणि नोकराने ती निमूटपणे सोसली. ते पाहताच ट्वेनला मिसूरी प्रांतातील आपले बालपण आठवले. तेथे गुलामास मारणे कोणास वावगे वाटत नसे. दहा वर्षांचा असताना, काम नीट जमले नाही एवढ्यावरून एका गुलामास धातूच्या दगडाचा ढेकळा फेकून मारलेला त्याने पाहिला होता, आणि तासाभरात तो मनुष्य मेला होता. विनोदी पुस्तकात हे पान कशास, असे प्रथम वाटले. मग ध्यानात आले, कावळ्यांस पाहणारा डोळा आणि त्या नोकरास पाहणारा डोळा एकच आहे.

प्रवास संपवून तो इंग्लंडात आला. मुलींची वाट पाहणे चालले होते. सूझी आजारी असल्याचे कळून पत्नी व मधली मुलगी अमेरिकेस निघाल्या. त्या समुद्रावर असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, सूझी मस्तिष्कावरणाच्या दाहाने वारली. वय अवघे चोवीस. ट्वेनला वार्ता मिळाली ती तारेने, इंग्लंडात, एकट्याला. याच मुलीने तेरा वर्षांची असताना बापाचे चरित्र लिहावयास घेतले होते, आणि लोक आपल्या वडिलांस केवळ विनोदी लेखक समजतात याचे तिला वाईट वाटे. त्यानंतरच्या हिवाळ्यात लंडनमध्ये, सण नाही, येणेजाणे नाही, अशा घरात बसून त्याने हे पुस्तक लिहिले. आम्हांस हसविणारे कावळे त्या घरातून आलेले आहेत. १८९८ साली कर्ज पुरते फिटले.

विश्वनाथास आम्ही खोटे म्हणत नाही. पण कालिदासाने काय केले ते पाहावे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात, शकुंतलेचा अव्हेर होतेवेळी, विदूषकास त्याने हंसपदिकेकडे धाडून दिले आहे. सहाव्यात राजा पश्चात्तापाने झुरत असता तोच विदूषक आपली काठी उगारून आंब्याच्या मोहोरावर, म्हणजे मदनाच्या बाणावर, धावून जातो. हा श्लोकबाह्य भाग परीक्षेत येत नसे, म्हणून आम्ही तो घाईने उरकीत असू.

आमचे वडील वारले त्या सुतकात, सातव्या की आठव्या दिवशी, आत्याबाईंनी वडिलांच्या विसरभोळेपणाची एक गोष्ट काढली. चष्मा कपाळावर असता ते तो शोधीत देवघरात शिरले, तेथून माडीवर गेले, इतके झाले असेल, तो माजघरातील सारी मंडळी हसू लागली. आमची आईसुद्धा तोंडास पदर लावून हसली. आम्हांस तो वडिलांचा अपमान वाटला. "ही काय हसण्याची वेळ आहे?" असे म्हणून आम्ही ताडकन् उठून अंगणात गेलो. आत लगेच शांतता झाली आणि आत्याबाईंनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. माडीवर गेल्यावर पुढे काय झाले, ते आम्हांस ठाऊक नाही. विचारावे तर आता आत्याबाई नाहीत, आईही नाही.