चमचाभर तेल

भाटघरच्या जलाशयाकाठी एका सकाळी आम्ही आमची मोटार धुवावयास घेतली. येळवंडीचे अडवलेले पाणी स्वच्छ होते आणि आम्हांस पुढे वेल्ह्याकडे जाण्याची घाई होती. यंत्राखाली साचलेले थोडे तेल ओघळून पाण्यात गेले व पाहता पाहता त्याचा रंगीत तवंग पसरला. शेजारी म्हशी धूत असलेला म्हातारा म्हणाला, "सायेब, जनावरं हितंच पाणी पित्यात." आम्ही हसून उत्तर दिले, "बाबा, चमचाभर तर तेल आहे!"

त्याच हिवाळ्यात आम्ही मालवणास गेलो. पोवळे म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालावयाचा तांबडा खडा, एवढेच आमचे ज्ञान. मालवणचे पोवळे निराळे. ती चुन्याचे घर बांधणाऱ्या इवल्या जीवांची वसाहत असते. त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांस पोसते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या या समुद्रास १९८७ साली अभयारण्य ठरविण्यात आले. ही पोवळी दाखविण्यास प्रवाशांना नेणाऱ्या एका यांत्रिक होडीमागे आम्हांस तोच भाटघरचा तवंग दिसला, आणि आमचे हसू आम्हांसच आठवले.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली. चमचाभर तेलाची बातमी कोण देणार? परंतु तांबड्या समुद्रावरील एलात बंदरात तेल वरचेवर सांडत असे; तेथील पोवळी लोया व रिंकेविच या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात तपासली. तेलाचा उपसर्ग पोहोचलेल्या वसाहतींत प्रजोत्पादन घटलेले आढळले. म्हणजे घर उभे, माणसे हयात. पण पाळणा हलेनासा झालेला! शिवाय अनेक जातींच्या पोवळ्यांची अंडी पाण्यावर तरंगतात, आणि तेलाचे ठाणेही नेमके तेथेच.

भाटघरचे पाणी नीरा, भीमा, कृष्णा असे पूर्वसमुद्राकडे जाते. मालवणच्या पोवळ्यांस आमच्या तेलाचा स्पर्शही झाला नसेल. पण म्हातारा पोवळ्यांविषयी बोलतच नव्हता. तो आपल्या म्हशींविषयी बोलत होता, आणि त्या तर आमच्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या. पुढे भाटघरास दोनदा जाणे झाले. तो काही भेटला नाही.